अठ्ठ्याण्णव किलोंचा माणूस

"वजन सांगू नका ताई. माणूस आणा," दस्तगीरमामा म्हणाले आणि त्यांनी कोपऱ्यातल्या काट्याकडे बोट केलं.

अडत दुकानात पोती तोलायला असतो तसला तो जमिनीवरचा काटा होता. पाटावरचा हिरवा रंग पावलांच्या आकारात उडाला होता. मी शरूला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. सात महिन्यांची पोर, दुकानातल्या रबराच्या आणि ग्रीसच्या वासानं नाक मुरडत होती. हा वास तिच्या छातीत जाणं बरं नव्हे, असं मला तेवढ्यातही वाटून गेलं.

"माणूस आणता येत नाही," मी म्हटलं. "त्याचा वाढदिवस आहे. त्याला कळू द्यायचं नाहीये."

"मग शर्ट द्या वाढदिवसाला. शर्ट सैल झाला तरी चालतो, घट्ट झाला तर धाकट्या भावाला होतो. चाकाचं तसं नसतं."

साताऱ्यात मंगळवार तळ्याच्या वरच्या अंगाला, एका बोळात त्यांचं दुकान. पाटी नव्हती. मूळचे मिरजेचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या सतारींना तारा चढवायचं काम, ह्यांनी तेवढं सोडून सायकलच्या चाकांना तारा चढवल्या. पार पुण्याहून सायकलवाले त्यांच्याकडे चाकं बांधून घ्यायला यायचे. माझ्याशी बोलता बोलता त्यांचं बोट समोरच्या स्टँडवरच्या चाकाच्या तारा छेडत होतं. टिंग, टिंग, टुंग. टुंग आलं की थांबायचे, किल्लीनं पाव आटा फिरवायचे, पुन्हा छेडायचे.

"मामा, मी सिव्हिल इंजिनिअर आहे," मी म्हटलं. "भार कसा धरायचा ते मला कळतं. वजन सांगते ना मी."

"नवरे स्वतःचं वजन कमी सांगतात," ते चाकाकडेच बघत म्हणाले. "बायका नवऱ्याचं त्याहून कमी सांगतात. लोकांना वाटायला नको, हिनंच खायला घालून फुगवला. इंजिनिअर काय सांगतात ते अजून ऐकलं नाही."

मी हसले नाही. मला खरं तर घाई होती.

"त्याला मोडणारं चाक नको," मी म्हटलं. "बाकी मला काही नको. हलकं नको, दिसायला नको, वेग नको. मोडता कामा नये."

आता त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. हात पुसून बसायला स्टूल दिलं.

"हे बघा ताई. चाक खांब पण असतं आणि गादी पण असते. खांब कच्चा असेल तर मोडतो, बरोबर आहे तुमचं. पण नुसता खांबच केला, गादी ठेवलीच नाही, तर ते चाक माणसाशी भांडत बसतं. किती तारा, किती जाड, रिम कुठली, टायरात हवा किती, सगळं माणसाच्या वजनावर. म्हणून मी काट्यावर उभं करतो. पायात बूट, पाठीला पिशवी, बाटलीत पाणी, जसा जाणार तसा."

शरू रडायला लागली. मी उभी राहिले, तिला थोपटलं, बसले, परत उभी राहिले. मामांनी एक जुनी घंटी काढून वाजवून दाखवली, ती आणखीच रडली.

"बरं सांगा," ते शेवटी म्हणाले. "लेकराला घेऊन तुम्ही कितीदा येणार. किती आहेत साहेब?"

मी शरूच्या डोक्यावरून हात फिरवला, मनात काहीतरी जुळवलं आणि म्हटलं, "अठ्ठ्याण्णव."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी भिंतीवर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं. "जड गडी आहे," म्हणाले. "मागे छत्तीस तारा घालू. पुढे बत्तीस."

*

भोईटे सरांचं चाक मोडायच्या आधी मी इतकी घाबरट नव्हते, असं म्हणायला मला आवडेल. पण ते खरं नाही. शरू झाल्यापासून मी घाबरतच होते. ती झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायचा, गॅसची टाकी बंद केली की परत जाऊन हात लावून बघायचं. पाच वर्षं मी एका आरसीसी कन्सल्टंटकडे बीम-कॉलम काढले होते. नोकरी सोडली, पण काय काय कोसळू शकेल ते बघत बसायची सवय सुटली नाही. आता मी ते घरात बघत होते.

आणि घरात कोसळण्यासारखं सगळ्यात मोठं म्हणजे संग्राम. माझा नवरा पॉलिटेक्निकात मुलांना इंग्रजी शिकवायचा आणि दर रविवारी सायकल घेऊन जायचा. पातळ टायरची, वाकड्या हँडलची रोड बाइक. पॅडल मारण्यापलीकडे त्याला तिच्यातलं काही कळत नव्हतं, पण रविवारी परत यायचा तेव्हा त्याचा चेहरा कॉलेजातल्या मुलासारखा असायचा.

भोईटे सर त्याच्याच स्टाफरूममधले. त्यांनी बाहेरून हलकी चाकं मागवली होती, वीस वीस तारांची. कोरेगावच्या उतारावर एक तार तुटली, मग दुसरी, मग चाकच गेलं.

"पापड बघ, पापड," संग्राम जेवताना हातानं करून दाखवत होता. "असं दुमडलं. सरांचा जबडा तारेनं बांधलाय. सहा आठवडे स्ट्रॉनं वरण."

"आणि तू हसतोयस."

"सरच हसतायत. म्हणजे प्रयत्न करतायत."

त्याच संध्याकाळी तो कॉम्प्युटरवर तीच चाकं बघत होता. मी मागे उभी होते.

"हीच घ्यायचीत तुला?"

"अगं, सर केवढे, मी केवढा. चाक बिचारं काय करेल."

दुसऱ्या दिवशी मी विचारत विचारत दस्तगीरमामांचा बोळ गाठला होता.

वाढदिवसाला चाकं पाहून तो इतका खूश झाला की मला रडूच आलं. दोन्ही चाकांना मामांनी सुतळीनं पुठ्ठ्याचा तुकडा बांधला होता. त्यावर जाड पेननं आकडे होते: पुढे १०५, मागे ११५. इतकी हवा ठेवायची, कमी नाही.

"मामांना फोन करून थँक्यू म्हटलं," संग्राम म्हणाला. "म्हणाले, दुकानात या एकदा. जाईन." तो गेला नाही. परीक्षा होत्या.

तीन-चार आठवड्यांनी त्यानं एकदा तक्रार केली. "चाकं भक्कम आहेत गं, पण फार कडक आहेत. कवळी असती तर पडली असती."

"हवा जास्त आहे का?" मला तेव्हा सहज म्हणून विचारता आलं होतं.

"मामांना विचारलं मी. म्हणाले, अजिबात कमी करू नका, तुमच्या वजनाला हवा कमी पडली तर रिम खड्ड्याच्या कडेवर आपटेल. मग तार तुटणार."

मग तार तुटणार. हे वाक्य मी पाठ करून टाकलं. तेव्हापासून दर रविवारी पहाटे, तो आंघोळीला गेला की मी बाल्कनीत जायची. पंप लावायचा, काटा बघायचा. आठवडाभरात चार-पाच अंक उतरलेले असायचे, ते भरायचे. एका रविवारी तो टॉवेल गुंडाळून बाहेर आला आणि त्यानं मला पंपावर वाकलेलं पाहिलं.

तो चिडला नाही. त्यानं माझ्या हातातून पंप घेतला आणि खाली ठेवला.

"वृषा, तू शरूचा श्वास बघतेस. गॅस बघतेस. माझं जेवण, माझे बूट, माझं हेल्मेट बघतेस. ही एक गोष्ट माझ्याकडे ठेवू दे. सायकलला हात लावायचा नाही. हो म्हण."

"हो."

"शपथ नको, नुसतं हो पुरे."

"हो म्हटलं ना."

पुढच्या रविवारपासून मी नळ सुटल्याचा आवाज आल्याशिवाय बाल्कनीचं दार उघडत नव्हते. एवढाच फरक पडला.

*

ऑक्टोबरातला रविवार. पाऊस उघडून आठेक दिवस झाले होते. संग्राम सायकलनं यवतेश्वरचा घाट चढून वर येणार, आणि शरूला घेऊन मी आणि माझी नणंद शलाका गाडीनं मागून जाणार, असं ठरलं होतं. शलाका वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होती. गाडी ती चालवणार होती, कारण शरू मांडीवर असताना मी कुणाच्याच गाडीत नीट बसू शकत नव्हते, चालवणं तर सोडाच.

पहाटे नळ सुटला. मी बाल्कनीत गेले, मागच्या चाकाला पंप लावला आणि काटा पाहिला. ब्याऐंशी.

एकशे पंधराचे ब्याऐंशी. पुढे पाहिलं, तिथेही तसंच, पंचाहत्तर. पंक्चर म्हणावं तर दोन्ही चाकं एकदम कशी? मी भराभर पंप मारला. शंभर. एकशे दहा. एकशे पंधरा. मग गुडघ्यावर बसून टायरला कान लावला. कुठून हवा गळतेय का ते ऐकत राहिले. काही नाही. पुढचं भरलं, पुन्हा कान लावला. काही नाही. नळ बंद झाला तशी मी पंप जागेवर ठेवून ओट्यापाशी येऊन दूध तापवायला लागले.

आपल्याला आत्ता कळलं नसतं तर, असा विचार सारखा येत होता. घाटात, ब्याऐंशीवर.

"वहिनी, तुम्ही दादाच्या सायकललाही तीट लावा," शलाका घाट चढताना म्हणाली. आम्ही त्याच्या मागे पन्नास फुटांवर होतो आणि मी डोळे न हलवता त्याच्या पाठीकडे बघत होते. "काळं काजळ. सीटखाली. कुणाला दिसणार नाही."

"समोर बघ तू."

"समोरच बघतेय. समोर दादाचं बूड आहे."

वर पठारावर टपरीशी तो थांबला. घामानं निथळत होता. चहाचा ग्लास त्यानं दोन्ही हातांनी धरला होता. मी शरूला कुंची घालत होते.

"मागचं चाक उडतंय आज," तो म्हणाला. "चढावर कळत नाही, पण मधल्या सपाटीला टकाटक उडत होतं."

"रस्ता बघितलास का," शलाका म्हणाली. "टुरिस्ट लोकांनी चाळण केलीय."

त्यानं खाली वाकून टायर अंगठ्यानं दाबला. मग अंगठ्याकडेच बघत राहिला, जरा जास्त वेळ. परत दाबला.

"वृषा," तो म्हणाला, "सकाळी हवा बघितलीस का तू?"

मला वाटलं, हो म्हटलं तर तो आता इथे हवा सोडेल. इथे, उतरायच्या आधी. आणि मग तार तुटेल.

"नाही," मी म्हटलं.

"नाही ना? मग मलाच वाटतंय." त्यानं ग्लास ठेवला, शरूच्या गालाला नाक लावलं आणि हेल्मेटचा पट्टा आवळला.

*

ह्या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. तरी घाटातलं ते तिसरं वळण मी गाडीनं जाताना अजून डोळे मिटून जाते.

तो पुढे होता, आम्ही मागे. वेग फार नव्हता. वळणाच्या अलीकडे डांबर उखडून खडी वर आली होती, दहा-बारा हात लांबीचा पट्टा. त्यानं पाहिला असणार, कारण तो सीटवरून थोडा उठला. आणि मला मागच्या चाकाखाली उजेड दिसला.

दरीच्या बाजूनं ऊन येत होतं. टायर आणि रस्ता ह्यांच्यामधून ते ऊन दिसलं. एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा. चाक रस्त्यावर टेकतच नव्हतं. दगडावर चेंडू टाकावा तसं ते नुसतं उडत होतं, आणि ते खाली येईपर्यंत त्यानं ब्रेक दाबला होता. हवेतच थांबलेलं चाक तसंच खाली आलं आणि आडवं सरकलं.

शलाकानं गाडी कशी थांबवली मला आठवत नाही. संग्राम डावीकडे, कठड्याला जाऊन आपटला होता. घाटातला तो बुटका दगडी कठडा, गुडघ्याएवढा. त्याचं एक कोपर कठड्याच्या पलीकडे लोंबत होतं.

शलाका पळाली. मी दार उघडून खाली उतरले आणि तिथेच उभी राहिले. शरू माझ्या हातात होती आणि मला पुढे जाता येईना. मला वाटलं, मी जवळ गेले तर काहीतरी कळेल. इथेच उभी राहिले तर अजून काही कळलेलं नाही.

"दादा," शलाका म्हणत होती. "दादा, माझ्याकडे बघ. दादा."

सायकल रस्त्याच्या मधोमध आडवी पडली होती. तिचं मागचं चाक वर होतं आणि फिरत होतं. इतकं सरळ, इतकं स्वच्छ, जराही न डगमगता. एकही तार तुटली नव्हती. ते चाक थांबेपर्यंत मी त्याच्याकडेच बघत होते, कारण दुसरीकडे बघायचं धैर्य नव्हतं.

"बोलला," शलाका ओरडली. "वहिनी, बोलतोय तो."

*

गळ्याजवळचं डावं हाड, दोन बरगड्या, हनुवटीला सात टाके. हेल्मेटचे दोन तुकडे झाले होते. डॉक्टर म्हणाले, ते नसतं तर आपण आज बोलत नसतो. हे वाक्य मी ऐकलं आणि दोन दिवस नुसती खाटेशेजारी बसून राहिले. शलाकानं सायकल मामांच्या दुकानात नेऊन टाकली होती. मी तिला सांगितलं नव्हतं.

मंगळवारी दुपारी दस्तगीरमामा आले. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवीत चार सफरचंदं. दारातच थांबले.

"या मामा," मी म्हटलं. "संग्राम, हे दस्तगीरमामा."

"अहो या ना. तुमच्याकडे माझंच यायचं राहिलं," तो म्हणाला. हनुवटीमुळे शब्द जड येत होते.

मामा आत आले नाहीत. त्याच्याकडे बघत राहिले. डोक्यापासून पायापर्यंत, आणि परत.

"चाकं बघितली मी," ते म्हणाले. "दोन्ही. केसभर आउट नाही. तार न् तार सुरात आहे. चाक मोडून माणूस पडला असता तर मला कळलं असतं. न मोडता पाडला, ते कळेना, म्हणून आलो." मग म्हणाले, "साहेब तुम्हीच ना? तुमचे थोरले बंधू वगैरे कुणी नाहीत?"

"मीच." त्याला हसू आलं आणि बरगडीनं ते थांबवलं.

"वजन किती तुमचं?"

"अठ्ठ्याहत्तर. इथलं जेवून सत्तर झालं असेल."

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सफरचंदांची पिशवी हळूच टेबलावर ठेवली आणि खाली फरशीकडे बघत उभे राहिले. मला बोलायला जागा करून देत होते.

"मी अठ्ठ्याण्णव सांगितलं होतं," मी म्हटलं.

संग्रामनं मान वळवली. "का?"

"आम्ही स्लॅब काढतो ना, तेव्हा जेवढा भार येणार त्याच्या दीडपट धरतो. कुणी कपाट जास्त ठेवलं, माणसं जास्त आली..." मला माझाच आवाज परका वाटत होता. "मी दीडपटसुद्धा धरला नाही. वीसच धरले. मला वाटलं, भक्कम होईल."

"म्हणजे वीस तुमचे," मामा म्हणाले. "आणि दहा माझे."

"तुमचे कसले?"

"सगळे कमीच सांगतात. काट्यावर न येता आकडा सांगितला की मी त्यात दहा घालतो, न सांगता. तीस वर्षं घालतोय. आजपर्यंत कुणी जास्त सांगितलंच नव्हतं." त्यांनी कपाळावरून हात फिरवला. "एकशे आठ किलोच्या माणसाचं चाक बांधलं मी. तेवढा माणूस बसला असता तर ते रस्त्याला धरून चाललं असतं. तुम्ही बसला, आणि त्याला खाली टेकायला वजनच नव्हतं. वर ती हवा. दगड होता तो साहेब, टायर नव्हता."

"काट्यावर उभं केल्याशिवाय चाक बांधायचं नाही हा माझा नेम," ते जाताना म्हणाले. "ताईंच्या कडेवर लेकरू रडत होतं, म्हणून मोडला. माझीच चूक धरा."

त्यांची पावलं जिन्यापर्यंत ऐकू आली. संग्राम छताकडे बघत होता.

"पण हवा मी कमी केली होती," तो सावकाश म्हणाला. "शनिवारी संध्याकाळी. मामांना न विचारता. ब्याऐंशी आणि पंचाहत्तर. मला पक्कं आठवतंय."

"पहाटे मी भरली."

"एकशे पंधरा?"

"हो."

"वर मी विचारलं तुला."

"हो."

"तू नाही म्हणालीस."

"हो."

त्यानं डोळे मिटले. मला वाटलं, त्याला ग्लानी आली. पण तो बोलायला लागला, आणि डोळे मिटूनच बोलला.

"हवा मी का कमी केली माहितीये? माझी बोटं बधिर होत होती. ही दोन, करंगळी आणि शेजारचं. आधी रविवारपुरतं, मग बुधवारपर्यंत, मग जाईचनात मुंग्या. बाबांचं बोटांपासूनच सुरू झालं होतं. तुला माहितीये ते कसे गेले."

मला माहीत होतं. लग्नाआधी मी त्यांना पाहिलं होतं, चमच्यानं भरवावं लागायचं.

"गेल्या आठवड्यात पुण्याला वर्कशॉपला गेलो होतो ना, ते वर्कशॉप नव्हतं. नसांची तपासणी होती. सुया टोचून करंट सोडतात. शुक्रवारी रिपोर्ट आला. काही नाही. डॉक्टरनं विचारलं, सायकल चालवता का? हँडलच्या हादऱ्यांनी तळव्यातली नस दबते म्हणाला. टायरातली हवा कमी करा, दोन महिन्यांत जाईल. मी गाडीत बसून रडलो, वृषा."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू घाबरली असतीस."

मी त्याच्या हातांकडे बघत होते. पांढऱ्या चादरीवर पडलेले, सलाइनची सुई टोचलेले.

"सहा आठवडे मी शरूला उचललं नाही," तो म्हणाला. "उभ्यानं. भीती वाटायची, सुटेल म्हणून. खाली बसायचो आणि मांडीवर घ्यायचो. मला वाटलं, तुला कळेल. तुला सगळं कळतं."

मला कळलं नव्हतं. गॅसची टाकी मला दिसली होती, पंपाचा काटा दिसला होता, शरूचा एकेक श्वास मी मोजला होता. ती सहा आठवडे बापाच्या खांद्यावर गेली नाही, हे मी पाहिलंच नव्हतं.

दार ढकलून शलाका आली. शरू तिच्या कडेवर होती, तोंडाला बिस्किटाचा लगदा. "घ्या तुमची ठेव," ती म्हणाली. आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहून तिनं शरूला माझ्याकडे दिलं आणि पाण्याची बाटली भरायच्या निमित्तानं बाहेर गेली.

"दे तिला इकडे," संग्राम म्हणाला.

"बरगड्या आहेत."

"उजव्या हातात दे."

"सुई आहे."

"वृषा."

मी शरूला त्याच्या उजव्या कुशीत ठेवलं, माझे दोन्ही हात तिच्या पाठीखाली तसेच ठेवून. तिनं लगेच हनुवटीच्या पट्टीला हात घातला. त्यानं दात आवळले, पण तोंड वळवलं नाही.

"हात काढ," तो म्हणाला.

"पडेल ती."

"गादीवर पडेल. काढ."

त्याची बोटं तिच्या झबल्यावर एकेक करून मिटत होती. कोणतं बोट कुठे आहे ते तो डोळ्यांनी बघून ठेवत होता. मी एक हात काढला. शरू जरा कलली आणि थांबली. मी दुसरा काढला. दोन्ही हातांचं काय करायचं मला समजेना, ते मी पाठीमागे धरले.

"केवढी झालीय," तो म्हणाला. "वजन किती आहे आता?"

"सात किलो चारशे."

त्यानं तिच्यावरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. तो हसत नव्हता.

"खरं?"

"खरं," मी म्हटलं, आणि हात पाठीमागेच ठेवले.